कॅल्शियम स्कोअर वाढला म्हणजे आजार वाढला असे का म्हणता येत नाही: एका प्रतिक्रियेला उत्तर

कॅल्शियम स्कोअर म्हणजे हृदयाच्या धमन्यांत साचलेले कॅल्शियम सीटी स्कॅनवर मोजून काढलेला आकडा. त्यावरील माझ्या लेखनाबद्दल आपले दोन आक्षेप आहेत. धमन्यांत कॅल्शियम साचते ते आहारातील अतिरेकामुळे, हे मी लपवले, हा पहिला. आणि स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणारे औषध) घेणाऱ्यांचा कॅल्शियम स्कोअर वाढतो हे ठाऊक असूनही मी त्या औषधाची भलामण केली, हा दुसरा.

पहिल्याबद्दल थोडक्यात. १९९७ मध्ये ज्या उंदरांमधून मॅट्रिक्स ग्ला या, धमन्यांत कॅल्शियम साचू न देणाऱ्या प्रथिनाचे जनुक काढून टाकले होते, त्यांच्या धमन्या कॅल्शियमने भरून गेल्या आणि दोन महिन्यांच्या आत रक्तवाहिन्या फुटून ते मेले. म्हणजे प्रश्न केवळ आहाराचा नाही: कॅल्शियम साचू न देणे हे शरीराचे सतत चालणारे काम आहे, आणि ते बिघडले की धमनीच्या भिंतीतील स्नायुपेशी हाडांच्या पेशींसारख्या वागू लागतात. कॅल्शियमच्या गोळ्यांबाबतचा वाद मिटलेला नाही, हे मात्र मान्य.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. १९९० मध्ये अ‍ॅगॅट्स्टन आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या पद्धतीत सीटी स्कॅनवर दिसणाऱ्या प्रत्येक ठिपक्याचे क्षेत्रफळ त्याच्या घनतेनुसार १ ते ४ या अंकाने गुणले जाते. म्हणजे तोच ठिपका न पसरता नुसता घट्ट झाला, तरी स्कोअर चढतो. अमेरिकेतील ‘मेसा’ या दीर्घकालीन अभ्यासाचे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेले विश्लेषण नेमके याच्या उलट सांगते: कॅल्शियमचे आकारमान जास्त असेल तर हृदयविकाराचा धोका वाढतो, पण आकारमान सारखे असताना घनता जास्त असेल तर तो कमी असतो. एकाच आकड्यात या दोन विरुद्ध गोष्टी गुंफल्या आहेत, आणि (माझ्या मते) तो आकडा औषधाचा परिणाम मोजण्यासाठी वापरणे ही चूक आहे. झटका येतो तो बहुधा धमनीच्या भिंतीतील मऊ, चरबीयुक्त थर फुटल्याने. स्टॅटिनने तो थर आकसतो आणि उरलेला भाग कठीण होतो, असे धमन्यांची चित्रे पुन्हा पुन्हा घेऊन केलेल्या अभ्यासांत दिसले आहे.

तरीही आपल्या शंकेला एक जागा उरते. स्टॅटिनमुळे हृदयविकाराचे झटके कमी होतात हे यादृच्छिक चाचण्यांनी (ज्यांत औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरते) सिद्ध केले आहे. ते थर कठीण झाल्यामुळेच कमी होतात, हे मात्र निरीक्षणांवरून काढलेले अनुमान आहे. शिवाय स्टॅटिन न घेणाऱ्या व्यक्तीचा स्कोअर झपाट्याने वाढत असेल, तर वरील युक्तिवाद तिला लागू होत नाही.