फ्रीझरमधली बॅटरी: त्या मेसेजबद्दल खुलासा

म्हापसा-पर्वरीकडच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर सध्या वेपबद्दल, म्हणजे ई-सिगारेटबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘वेप मध्येच बंद पडत असेल तर त्यातली बॅटरी रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा, नव्यासारखी चालते.’ हे खोटं आहे, आणि धोक्याचंही.

वेपच्या आत असतो लिथियम-आयन सेल, म्हणजे पुन्हा चार्ज होणारी बॅटरी. काही वेपमध्ये तो १८६५० मापाचा, म्हणजे १८ मिलिमीटर जाड आणि ६५ मिलिमीटर लांब. जुना झालेला सेल थंडीने सुधारत नाही. उलट शून्य अंशाखाली गार असतानाच चार्जिंगला लावला, तर आत लिथियम धातूचा थर साचतो आणि आतल्या आत शॉर्ट होऊ शकतो. त्यात आपली पावसाळी हवा! फ्रीझरमधून काढलेल्या वस्तूला लगेच घाम फुटतो, तेच पाणी सेलच्या टोकांवर उतरतं.

बंद पडण्याचं कारण पुष्कळदा साधं असतं. जोडाच्या जागी मळ, खाऱ्या हवेने आलेला गंज, नाहीतर संपत आलेला सेल. मळ कोरड्या कापडाने पुसता येतो. पण सेल फुगला, तापला, वास आला किंवा वरचं प्लास्टिक फाटलं तर वापर तिथेच थांबवा. १८६५० मध्ये त्या प्लास्टिकखालचा अख्खा धातूचा डबा ऋण टोक असतो. खिशातल्या किल्लीने दोन्ही टोकं जोडली गेली की भडका उडू शकतो. असा सेल टोकांना चिकटपट्टी लावून ई-कचऱ्यातच द्या.

मेसेजमध्ये नसलेली आणखी एक गोष्ट: २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटची आयात, विक्री आणि साठवण देशभर बंद आहे. चोरून विकल्या जाणाऱ्या या वस्तूंत कसला सेल घातलाय, याची हमी कुणीच देत नाही.