खुलासा : कमी सरासरी म्हणजे भारी खेळाडू, असं नाही
आपल्या बोरिवली-चर्चगेट लोकलच्या ग्रुपवर फिरतंय की ऑनलाइन गोल्फमध्ये ज्याची फटक्यांची सरासरी कमी, तोच पट्टीचा खेळाडू. हे अर्धवट आहे. आधी कोर्स (म्हणजे गोल्फचं मैदान) कोणता ते विचारा. खऱ्या गोल्फमधला हिशेब असा : स्कोअरमधून (एकूण फटक्यांतून) कोर्स रेटिंग (कसलेल्या खेळाडूला त्या कोर्सवर साधारण लागणारे फटके) वजा करायचं, उरलेल्याला ११३ ने गुणून स्लोप रेटिंगने (सामान्य खेळाडूला तो कोर्स कसलेल्यापेक्षा किती जड जातो, त्याच्या आकड्याने) भागायचं. हा फरक जितका कमी, तितका खेळ चांगला. समजा, रेटिंग ६८, स्लोप ११३ अशा सोप्या कोर्सवर ७२ फटके लागले, फरक ४. रेटिंग ७४, स्लोप १४० अशा अवघड कोर्सवर ७५ लागले. फरक जेमतेम ०.८. म्हणजे ७५ वालाच सरस! गेममध्ये हे आकडे दिसत नसतील, तर निदान एकाच कोर्सवरचे, एकाच टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून) खेळलेले आणि सारख्याच वाऱ्यातले स्कोअर ताडून बघा. (वारा बंद ठेवून खेळणाऱ्यांनी अंधेरी येईपर्यंत फुशारकी मारू नये, ही विनंती.)