मध्यंतरातलं पाकीट

आज सकाळी ठाण्यातल्या एका संस्थेच्या वार्षिक सर्वसाधारण सभेला जाऊन आले. नाव लिहीत नाही. आजीव सभासद आहे तिथली, जीवही आहे संस्थेवर. पण डोकं अजून शांत झालेलं नाही.

खजिनदारांनी ताळेबंद वाचायला घेतला तर मागून आवाज, "वाचला असं समजा हो." मंजूर, मंजूर. चार मिनिटांत हिशेब संपले. मग शाल, श्रीफळ, मनोगतं, चांगला पाऊण तास. मी मधेच उठून विचारलं, दिवाळी पहाटेला साथ केली त्या तबलजींचं मानधन दिलं का? अध्यक्ष म्हणाले, "अहो, तो आपल्या घरचाच आहे."

घरचा आहे म्हणून दहा महिने पैसे नाहीत?

मला आमचे खजिनदार काका आठवले. मी तेव्हा एकवीस वर्षांची, गडकरी रंगायतन नाट्यगृहात संस्थेचा कार्यक्रम होता. काका रेल्वेतून निवृत्त झालेले, हातात कायम काळी रेक्झिनची पिशवी. मध्यंतर झालं की ते विंगेत हजर. प्रत्येकाचं वेगळं पाकीट, वर बॉलपेनने नाव, सोबत व्हाऊचर. रेव्हेन्यू स्टॅम्प जिभेला लावून चिकटवायचे आणि सही घ्यायचे. आधी तबला, मग पेटी, तानपुरा, ध्वनिवाला. मुख्य गायक सगळ्यात शेवटी. मी म्हटलं, काका, कार्यक्रम संपल्यावर देऊ की. तर म्हणाले, "संपल्यावर सगळे हार घालायला धावतात. साथीदार तोवर स्टेशनच्या वाटेला लागलेला असतो. शेवटची कर्जत पकडायची असते त्याला."

काकांचा दुसरा नियम, गल्ल्याच्या भरवशावर कलाकार बोलवायचा नाही. नाट्यगृहाचं भाडं, मानधन, ध्वनी, हे तिन्ही हातात आल्याशिवाय तारीख घ्यायची नाही. एका जुलैत पाऊस असा कोसळला की निम्मं गडकरी रिकामं. मला रडू येत होतं. काका पिशवी घेऊन नेहमीसारखे विंगेत गेले. एकही पाकीट कमी भरलं नव्हतं.

मान्य आहे, दिवस बदललेत. भाडं वाढलं, तिकीट ५०० च्या वर नेलं तर जीएसटी लागतो, आणि आपल्याच लोकांना फुकट पास हवे असतात. कार्यकारिणीतलं कुणी पगार घेत नाही, हेही मान्य. आमचे अध्यक्ष स्वतः खुर्च्या मांडतात, मी पाहिलंय. त्यांच्याबद्दल राग नाही माझ्या मनात. सभेत आवाज चढला माझा, त्याचं वाईट वाटतंय.

पण नंतर चहाच्या वेळी खरं कारण कळलं आणि पुन्हा संताप झाला. पैसे खात्यात आहेत! चेकवर सही कोण करणार हा प्रश्न आहे. कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत धर्मादाय आयुक्तांकडे बदल अर्ज द्यायचा असतो, १९५० च्या विश्वस्त कायद्यात ते स्पष्ट आहे. आमच्याकडे दोन निवडणुका झाल्या तरी अर्ज गेलेला नाही. बँकेत अजून जुन्याच लोकांच्या सह्या, त्यातले एक हयात नाहीत. बँक धर्मादाय आयुक्तांचा आदेश मागते, आदेशाला अर्ज लागतो, आणि अर्ज "बघू, करू" मध्ये अडकलाय. उद्या कुणी देणगी देतो म्हणाला तर कुठल्या तोंडाने घ्यायची?

काकांनी आजारी पडायच्या आधी स्वतः नव्या खजिनदाराला बँकेत नेलं होतं. वह्या, पावती पुस्तकं, कपाटाची किल्ली, सगळं यादी करून दिलं. त्या यादीवरही दोघांच्या सह्या होत्या.

आपल्या गावात १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय उभं आहे, १९७८ पासून गडकरी आहे. गायक राम मराठ्यांच्या नावाने आपण महोत्सव भरवतो. सव्वाशे वर्षांहून जास्त काळ एखादी संस्था टिकते तेव्हा दर पिढीत कुणीतरी न कंटाळता खतावणी लिहिलेली असते. त्याचा सत्कार झालेला मी तरी अजून पाहिला नाही.

उद्या सोमवार. बदल अर्जाचे कागद मी स्वतः वकिलांकडे घेऊन जाणार आहे, कार्यवाहांना तसं सांगितलंय.

संध्याकाळी तबलजींना फोन केला. मुलाच्या कॉलेजची फी भरायची आहे, हे बोलता बोलता निघालं. मी मानधनाचा विषय काढला तर म्हणाले, "राहू द्या ताई, मिळतील. पुढची दिवाळी पहाट कधी आहे तेवढं आधी कळवा, तारीख मोकळी ठेवतो."