ओ बदकवाले!

आज सकाळी किनाऱ्यावर "ओ बदकवाले!" अशी हाक आली आणि वाईट याचं वाटतं की मी वळून बघितलं. म्हणजे नाव चिकटलं. आता काही सुटत नाही ते.

काल वाळूवर एक अनोळखी पक्षी दिसला होता. तपकिरी, अंगभर ठिपके, काळपट चोच, एकटाच उभा. माझ्या डोक्यात लगेच 'स्कुआ' वाजायला लागलं. स्कुआ म्हणजे समुद्रावरचा दरोडेखोर, दुसऱ्या पक्ष्याच्या असा हात धुऊन मागे लागतो की तो बिचारा गिळलेला मासासुद्धा ओकून टाकतो आणि मग हे महाशय तो खातात. एरवी खोल समुद्रावर फिरणारा हा पक्षी किनाऱ्यावरून दिसणं म्हणजे चैनच, त्यामुळे मी मनातल्या मनात चार जणांना फोन करून त्यांना जळवूनही झालं होतं. दुर्बीण लावली, श्वास रोखला, आणि कानाशी आवाज आला,

"बदक आहे."

एक काका. हात मागे बांधलेले, मान किंचित तिरकी, परीक्षकाने उत्तरपत्रिकेकडे बघावं तशी.

"बदक नाहीये काका, समुद्रपक्षी आहे."

"पायाला पडदा आहे की नाही?"

"आहे, पण..."

"मग?"

मी सांगितलं की बोटांमध्ये पडदा कुरवालाही (म्हणजे सीगललाही) असतो, पाणकावळ्यालाही असतो. काका म्हणाले, "मग त्यांनापण बदकांतच धरायला पाहिजे." हे इतक्या शांतपणे म्हणाले की क्षणभर मलाच वाटलं, वर्गीकरण करणाऱ्यांचं काहीतरी चुकलं असेल.

तेवढ्यात पक्ष्याने मान झटकली आणि चोचीच्या टोकावरून एक थेंब पडला. काका म्हणाले, "सर्दी झालीय त्याला." आता इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण नाही, मी दुर्बीण खाली ठेवून व्याख्यान सुरू केलं, की हे पक्षी समुद्राचं खारट पाणी पितात, डोळ्यांच्या वर त्यांना मीठ गाळणाऱ्या ग्रंथी असतात, रक्तातलं जास्तीचं मीठ तिथे वेगळं होतं आणि नाकपुड्यांतून थेंब थेंब बाहेर पडतं. काकांनी सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाले, "म्हणजे नाकच गळतंय ना?"

यावर काय बोलणार? गळतंय.

मी ॲप उघडलं. ॲपने विचारलं, आकार केवढा? मोकळ्या वाळूवर एकट्या उभ्या पक्ष्याचा आकार कशाच्या मानाने सांगायचा, शेजारी कावळा तरी नको का? काका मदतीला धावले, "बदकाएवढा लिहा." पाय कुठल्या रंगाचे? एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला, दुसरा ओल्या वाळूने माखलेला. पुस्तक काढलं तर त्यात सगळे पक्षी प्रौढ, स्वच्छ, कडेने उभे, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखे. कुरवांच्या जगभरात ५० च्या आसपास जाती, त्यातल्या मोठ्या जातींना पूर्ण वयात यायला साधारण ४ वर्षं लागतात, आणि तोवर दरवर्षी पिसांचा वेगळा ड्रेस. मोठ्या कुरवांच्या चोचीवर तो लाल ठिपका असतो ना, ज्यावर पिल्लं टोचा मारतात आणि आईबाप खाणं ओकतात (त्यावर काम केलेल्या टिनबर्गन नावाच्या शास्त्रज्ञाने १९७३ साली नोबेल मिळवलं, दोघांबरोबर वाटून का होईना, आणि मला साधं नाव सांगता येईना), तोसुद्धा लहान वयात नसतो. म्हणजे ओळखायची खूण नेमकी ज्याला ओळखायचंय त्याच्याकडेच नाही.

मी पानं उलटतोय, आणि काकांनी फाडकन टाळी वाजवली.

पक्षी उडाला.

मला खरंच राग आला. लांबून उडून आलेले पक्षी किनाऱ्यावर टाइमपास करायला बसत नाहीत, दम खायला बसतात, प्रत्येक वेळी उठवलं की साठवलेली ताकद उगाच खर्च होते. तरी कोणी कुत्रं सोडतं, कोणी रीलसाठी थव्यात पळत सुटतं, आणि हटकलं तर वर आपल्यालाच ऐकवतात, पक्षी काय तुमचे आहेत का? हे सगळं मी काकांना सांगणार होतो. पण सांगता येईना, कारण उडताना पंख उघडले होते आणि मला दिसलं होतं. स्कुआच्या पंखांत टोकाकडच्या पिसांच्या मुळाशी पांढरा डाग चमकतो, तो नव्हता. शेपटी पांढुरकी, टोकाला रुंद काळा पट्टा. कुरवाचं पोर. अर्धा तास दुर्बिणीने जे जमलं नाही ते एका टाळीत झालं, हे अजून पचत नाही.

"कळलं?" काका म्हणाले.

"कुरव आहे. मोठ्या जातीतला. वर्षाच्या आतला असावा."

"कुठली जात?"

ते नाही सांगता आलं. मोठ्या जातींत पायांच्या रंगावरून फरक करतात, कोणाचे पिवळे, कोणाचे गुलाबी, पण या वयात बहुतेकांचे तसलेच फिकट गुलाबीसर. काकांनी माझ्याकडे, मग दुर्बिणीकडे, मग पुस्तकाकडे पाहिलं. "एवढं सगळं आणून?" म्हणाले आणि चालायला लागले.

तर आजची हाक त्यांचीच. "ओ बदकवाले! तुमचं बदक बसलंय तिकडे."

बसलं होतं, अगदी त्याच जागी. आज पाय बघायचेच म्हणून मी वाकून, एकेक पाऊल टाकत पुढे सरकलो. पंधरा पावलं. मग म्हटलं अजून दोन. पक्ष्याने मान वर केली, पोटातला पाय खाली टेकवला, आणि रंग दिसायच्या आत उडून गेला.

मागून आवाज आला, "मी आज टाळी वाजवली नाही हां."