कूलरसमोरचा बाक

उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, मार्चमध्ये आला तर धुळ्यात आम्ही ती देवाची कृपा समजतो. त्याच्यामागून रविवारी येणारा ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या मध्ये कुठंही पडतो. यंदा पडला तो एप्रिलात. त्यात उपासना दुपारी बारा ते तीन. पारा चाळिशीपार, रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही.

आमच्या चर्चमध्ये पंखे चार, कूलर एक. त्याचा झोत थेट उजवीकडच्या तिसऱ्या बाकावर. चाळीस दिवसांच्या उपवासकाळात मी चहा सोडला, मटण सोडलं, तिसरा बाक काही सुटला नाही. ज्याला डोकं टेकायला ठिकाण नव्हतं त्याचा मी शिष्य, आणि अकरालाच जाऊन एसटीत टाकतात तसा बाकावर रुमाल टाकून आलो. वर बायबल ठेवलं. रुमाल कुणीही सरकवतो, बायबल सरकवायची छाती लागते.

पाळकसाहेब येशूच्या वधस्तंभावरच्या सात उद्गारांवर बोलतात. पहिला मी नीट ऐकला. दुसऱ्याला कूलरच्या ओल्या गवताचा वास आला आणि येशूनं शेजारच्या वधस्तंभावरच्या चोराला कबूल केलेलं सुखलोक ते हेच, अशी खात्री पटली. तिसऱ्या-चौथ्याचं मला विचारू नका. डोळे मिटलेले होते. लोकांना वाटलं, प्रार्थना.

पाचवा. ‘मला तहान लागली आहे.’ एवढं म्हणून पाळकसाहेब थांबले. त्या शांततेत कूलरचा पंप कोरडा घरघरला आणि भट्टीचं दार उघडावं तशी हवा तोंडावर आली. मागून मावशींनी खांद्याला बोट टोचलं, “भाऊ, पानी सरी गये. ऊठ ना!”

मीच का? तर कूलरजवळ मीच. शिमोन कुरेनेकरालाही कुणी विचारलं नव्हतं. बिचारा रानातून येत होता, धरला आणि येशूचा वधस्तंभ वाहायला लावला.

चपला पुढच्या दाराशी, नळ मागच्या अंगणात. शहाबादी फरशीवर टाचा उचलून, उड्या मारत बादल्या वाहिल्या. नळाचं पाणी असं, की त्यात चहापत्ती टाकली असती तर उपवास मोडला असता. कूलरला सहा बादल्या लागतात. चौथी भरत होतो तेव्हा खिडकीतून सहावा उद्गार ऐकू आला, ‘पूर्ण झालं आहे.’ माझ्या अजून दोन बाकी होत्या.

ओल्या पँटनं आत आलो. कूलर पुन्हा गार वारा सोडत होता. माझ्या जागेवर मावशी बसल्या होत्या, माझं बायबल त्यांच्या मांडीवर, रुमाल त्यांच्या कपाळावर.

“बठ ना भाऊ,” डोळे न उघडता त्या म्हणाल्या, “तठे मांगे जागा शे.”