वकीलसाहेबांचे आमदारसाहेब कसे व्हावे

परवा नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या कोर्टातून हात हलवत परतलो आणि ठरवलं, होतकरू तरुणांना चार हिताच्या गोष्टी सांगायच्याच. नाशिक जिल्ह्यात विधानसभेच्या जागा १५ आणि भावी आमदार किती, ते द्वारका चौकात ट्रॅफिकमध्ये अडकाल तेव्हा होर्डिंगवर मोजा. वेळ भरपूर मिळतो.

आधी सनद घ्या आणि तालुक्याच्या कोर्टात टायपिस्टशेजारी टेबल टाका. केस जिंकायच्या भानगडीत पडू नका. निकाल लागलेला पक्षकार पेढे देऊन निघून जातो. तारखेवरचा दर महिन्याला येतो, येताना गावातले दोघे आणतो. झाली मतदारसंघाची बांधणी.

साखरपुडा, दहावा, सप्ता चुकवू नका. कोर्ट चुकलं तरी चालतं.

पक्ष कुठला, ही चिंता नको. 'पक्षकार'मधला 'कार' गाळला की पक्ष उरतो. कार पुढे मिळतेच. पक्षांतरबंदी १९८५ पासून आहे, पण दोन तृतीयांश आमदार सोबत घेऊन विलीनीकरण म्हटलं की तिथूनही वाट आहे. राज्यघटनेचं ते दहावं परिशिष्ट झोपेतही पाठ हवं.

आमदार निधी वर्षाला ५ कोटी. बाकांवर नाव मोठं टाका.

निवडून आलात की काळा कोट खुंटीला, अंगात जाकीट. वकीलपत्र मात्र सोडू नका. आमच्या वाटणीच्या दाव्याचंच घ्या. वडिलांनी लावला, ते गेले, वारस म्हणून मी उभा राहिलो. आमचे वकीलसाहेब आमदार झाले. तेव्हापासून त्यांचा ज्युनिअर फक्त मुदतीचा अर्ज देतो. एका बाजूला तीनपेक्षा जास्त वेळा मुदत देऊ नये, असं दिवाणी प्रक्रिया संहितेत छापलंय म्हणे. छापलं असेल. शेवटी म्हटलं, दुसरा वकील करू; ना-हरकत आणि फाईल द्या. संपर्क कार्यालयात गेलो. अधिवेशन चालू. पुन्हा गेलो. साहेब कुंभमेळ्याच्या बैठकीत. तिसऱ्यांदा चार तास बसलो, आणि बसल्या बसल्या फाईल दिसली! कपाटावर, साहेबांच्या फोटोच्या दिनदर्शिकांच्या गठ्ठ्याखाली. वडिलांच्या अक्षरातलं नाव ओळखलं मी. पोरगा म्हणाला, "काका, साहेबांना विचारल्याशिवाय हात लावता येत नाही." आणि माझ्या हातात एक दिनदर्शिका दिली. तारीख लिहायला!

बास झाला उपरोध. साहेब, आमदाराने वकिली करायला बंदी नाही, असं सर्वोच्च न्यायालय २०१८ साली म्हणालं. मग करा ना वकिली! कोण अडवतंय? नसेल जमत तर सोडा. फी थकली तरी वकिलाला पक्षकाराची फाईल अडवून ठेवता येत नाही, हेही त्याच न्यायालयाने २००० साली सांगितलंय, आणि माझी तर एक पैसाही थकलेली नाही, पावत्या आहेत. वडील एसटीने यायचे तुमच्याकडे, डब्यात भाकरी बांधून. तुमच्या पहिल्या प्रचाराला याच माणसाने घरची बैलगाडी दिली होती. लाज वाटू द्या थोडी.

पुढची तारीख २७. तुमच्याच दिनदर्शिकेवर लाल गोल केलाय. सोमवारी दहाला येतोय, शिडी घेऊन.