दुखायचं थांबलं म्हणजे क्रोन्स गेला?

क्रोन्स या आतड्याच्या आजाराविषयी एक निरोप सध्या फिरतोय. त्याचा सारांश असा: ‘क्रोन्स हा खरा आजारच नाही. ताण आणि चुकीचं खाणं यांमुळे आतड्यात साचलेली ती घाण आहे. तीन महिने दूध, गहू आणि चोथा बंद करा, आतडी साफ होतील. त्रास थांबला की औषधं सोडा, ती प्रतिकारशक्ती मारतात. अगदीच नाही जमलं तर ऑपरेशन करून तेवढा भाग काढून टाका, विषय संपला.’

यातल्या जवळजवळ प्रत्येक वाक्यात चिमूटभर खरं आहे. म्हणूनच हा निरोप पटतो, आणि म्हणूनच तो एका शब्दात उडवून लावता येत नाही.

‘खरा आजारच नाही.’ न्यूयॉर्कच्या माउंट सायनाय रुग्णालयातल्या बरिल क्रोन, लिऑन गिन्झबर्ग आणि गॉर्डन ओपनहायमर या तिघांनी 1932 साली या आजाराचं वर्णन प्रसिद्ध केलं. त्याआधी 1913 मध्ये स्कॉटलंडचे सर्जन डॅलझिल यांनी अशाच रुग्णांची नोंद केली होती. सर्जनना दिसलं ते जाड झालेलं, सुजलेलं, अरुंद झालेलं आतडं. घाण नव्हे. शरीराची प्रतिकारयंत्रणा आतड्यातल्या जिवाणूंच्या बाबतीत भलतीच आक्रमक होते आणि त्यातून हा दाह धुमसत राहतो. तोंडापासून गुदद्वारापर्यंत तो कुठेही होऊ शकतो. लहान आतड्याचं शेवटचं टोक ही त्याची आवडती जागा. मधला भाग निरोगी सोडून तो पुढे पुन्हा उगवतो. आणि तो वरच्या अस्तरापुरता थांबत नाही, भिंतीच्या पूर्ण जाडीत उतरतो. म्हणून पुढे आतडं आकसतं, गळू होतं, भगंदर होतो. पोट साफ करणाऱ्या कुठल्याही काढ्याचा भिंतीच्या आत चाललेल्या या प्रकाराशी संबंध नाही.

‘ताणामुळे होतो.’ ताणाने त्रास वाढतो हे बहुतेक रुग्ण सांगतील, आणि ते खोटं नाही. पण ताणाने क्रोन्स निर्माण होतो असं नाही. इथे बहुधा इरिटेबल बॉवेल या पोटाच्या वेगळ्याच तक्रारीशी गल्लत झाली आहे. त्यात पोट दुखतं, जुलाब होतात, पण आतड्यात व्रण नसतात. झोपेतून उठवणारे जुलाब, शौचातून रक्त, ताप, उतरत जाणारं वजन, रक्तक्षय यांचा दोष ताणावर ढकलून तपासणी लांबवू नये. कारणांविषयी बोलायचंच तर 2001 मध्ये एनओडी2 या जनुकाचा क्रोन्सशी संबंध सापडला. पण तंतोतंत सारख्या जुळ्यांपैकी एकाला आजार असला तरी दुसऱ्याला बऱ्याचदा होत नाही. म्हणजे जनुकांइतकाच बाहेरच्या गोष्टींचाही हात आहे. त्यातली सगळ्यात पक्की सिद्ध झालेली गोष्ट म्हणजे धूम्रपान: त्याने आजार चिघळतो, ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता वाढते. गव्हावर एवढं तोंडसुख घेणाऱ्या या निरोपात सिगारेटचा उल्लेखही नसावा, याची मला गंमत वाटते.

‘हे तीन पदार्थ बंद करा.’ आहाराचा काही संबंध नाही असं सांगणारेही चुकतातच. लहान मुलांमध्ये सहा ते आठ आठवडे इतर सगळं खाणं थांबवून फक्त पूर्ण पोषण देणारा द्रवाहार दिला जातो, आणि दाह शमवण्यात तो स्टेरॉइडच्या तोडीचा ठरतो. पण तो देखरेखीखालचा उपचार आहे; स्वतःच्या मनाने पदार्थ वगळत जाणं ही वेगळीच गोष्ट. आतडं अरुंद झालेल्याला चोथा टाळल्याने अडथळ्याचा धोका कमी होतो, मात्र अरुंद जागा रुंद होत नाही. दूध सोसत नसेल त्याने सोडावं. ज्याला सोसतं त्याने का? या आजारात लोह आणि बी12 आधीच कमी पडतात, मुलांची उंची खुंटते. त्यात ताटातलं एकेक कमी करत गेलं की वजन उतरतं, आणि तेच ‘शुद्धी’ म्हणून मिरवलं जातं.

‘त्रास थांबला की औषधं सोडा.’ सगळ्यात महाग पडणारं वाक्य हेच. क्रोन्समध्ये दुखणं आणि दाह हातात हात घालून चालत नाहीत. पोट शांत असताना व्रण असू शकतात, आणि व्रण भरल्यावरही पोट कुरकुरू शकतं. म्हणून डॉक्टर दाहाचा माग देणारी प्रथिनं, म्हणजे शौचातलं कॅलप्रोटेक्टिन आणि रक्तातलं सीआरपी, अधूनमधून कोलोनोस्कोपी किंवा एमआरआय बघतात. स्टेरॉइडपुरतं हे वाक्य अर्धं बरोबर आहे: ते भडका विझवण्यासाठी असतं, वर्षानुवर्षं घेण्यासाठी नाही. पण तेसुद्धा एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने कमी करतात. प्रतिकारयंत्रणेला आवर घालणाऱ्या अॅझाथायोप्रिन या औषधाचा परिणाम दिसायलाच दोन-तीन महिने लागतात. 1998 पासून क्रोन्ससाठी वापरात असलेलं इन्फ्लिक्सिमॅब हे औषध मध्येच थांबवलं तर शरीर त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडं, म्हणजे त्याला निष्प्रभ करणारी प्रथिनं, बनवू शकतं. मग पुन्हा सुरू केल्यावर ते लागू पडेलच याची खात्री नाही.

प्रतिकारशक्तीची भीती मात्र निराधार नाही. म्हणूनच अशी औषधं सुरू करण्याआधी दडलेला क्षयरोग शोधतात आणि औषधं चालू असताना जिवंत जंतूंच्या लसी टाळतात. धोका ओळखून सांभाळायचा असतो. गरोदरपणाच्या बाबतीत ही भीती हमखास उलटी फिरते. मेथोट्रेक्सेट हे औषध गर्भधारणेच्या बरंच आधी थांबवावंच लागतं, पण बाकीची बरीच औषधं चालू ठेवता येतात, आणि गर्भाला जास्त धोका पेटलेल्या आजाराचाच असतो.

‘तेवढा भाग काढून टाका.’ ऑपरेशन हा पराभव नव्हे. आतडं अडलं असेल, गळू झालं असेल, तर त्याने आयुष्य सावरतं. पण काढलेल्या भागासोबत आजाराची प्रवृत्ती जात नाही. तो बहुधा आतडं जोडलं त्याच जागेजवळ परततो, आणि रुग्णाला काही जाणवण्याआधीच तिथे व्रण दिसू लागतात. म्हणूनच ऑपरेशननंतर सहा महिने ते वर्षभरात कोलोनोस्कोपी करायला सांगतात, तब्येत ठणठणीत वाटत असली तरी.